थंड वाऱ्याची प्रतीक्षा आणि वणव्याची पूर्वतयारी : व्हिक्टोरियाचा अनुभव

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील व्हिक्टोरिया राज्यात जानेवारी-फेब्रुवारी हे कडक उन्हाळ्याचे महिने असतात. खंडाच्या मध्यवर्ती वाळवंटी प्रदेशावरून येणारे उष्ण वारे तीन-तीन, चार-चार दिवस वाहत राहतात. पारा चाळिशी ओलांडतो आणि मेलबर्न शहरातील माणसे एकाच गोष्टीची वाट पाहू लागतात. ही गोष्ट म्हणजे दक्षिण महासागरावरून येणारा थंड वारा. तो आला की तासाभरात तापमान दहा-पंधरा अंशांनी खाली येते, घरांच्या खिडक्या उघडतात आणि शहर सुटकेचा निःश्वास टाकते. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या सरीची जशी प्रतीक्षा असते, तशीच ही प्रतीक्षा.

मात्र शहराला दिलासा देणारा हाच वारा शहराबाहेरच्या डोंगराळ, वनाच्छादित वस्त्यांसाठी दिवसातील सर्वाधिक धोक्याचा क्षण घेऊन येतो. हा वारा केव्हा येणार हे हवामानशास्त्र एक-दोन दिवस आधी बऱ्याच अचूकतेने सांगू शकते. असे असतानाही 7 फेब्रुवारी 2009 रोजी, ज्या दिवसाला पुढे ‘ब्लॅक सॅटर्डे’ हे नाव पडले, त्या एका दिवसाच्या वणव्यांत 173 माणसे मृत्युमुखी पडली. पूर्वसूचना होती, तरीही तयारी अपुरी पडली. हे का घडले, हा केवळ हवामानशास्त्राचा किंवा अग्निशमनाचा प्रश्न नाही. तयारीचा खर्च कोणी, केव्हा आणि कशाच्या बदल्यात करायचा, असा तो मूलतः अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

शीत आघाडीचे यंत्र

प्रथम नैसर्गिक प्रक्रिया समजून घेणे आवश्यक आहे. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत ‘शीत आघाडी’ ही संज्ञा सर्वांनी वाचलेली असते. जड, थंड हवेचा लोंढा हलक्या, उष्ण हवेखाली पाचरीसारखा घुसतो आणि तिला वर उचलतो. या दोन वायुराशींमधील सीमारेषा म्हणजे शीत आघाडी. समशीतोष्ण कटिबंधात तिच्याबरोबर पाऊस येतो, असे आपण शिकतो. परंतु व्हिक्टोरियाच्या उन्हाळ्यातील कित्येक आघाड्या जवळजवळ कोरड्या असतात. त्या तापमान उतरवतात आणि वारा वाढवतात, पण जमीन भिजवत नाहीत.

आघाडी येण्यापूर्वी तिच्या पुढील भागात वायव्येकडून जोरदार, उष्ण आणि अत्यंत कोरडे वारे वाहतात. या काळात कोठेही ठिणगी पडली तर आग वाऱ्याबरोबर आग्नेय दिशेला धावते. (दिशेचे आपले जुने नाव येथे अक्षरशः खरे ठरते.) अशी आग रुंदीने कमी आणि लांबीने अधिक असते. नकाशावर ती लांबट जिभेसारखी दिसते. तिचे तोंड, म्हणजे अग्रभाग, अरुंद असते आणि तिच्या दोन्ही बगला त्या मानाने शांतपणे जळत असतात. आगीच्या मार्गाच्या ईशान्येला असलेल्या गावातील माणसाला धूर दिसतो, पण आग बाजूने निघून चालली आहे असे त्याला वाटते आणि त्या क्षणापुरते ते खरेही असते.

नंतर आघाडी येऊन पोहोचते. वारा काही मिनिटांत वायव्येकडून वळून नैऋत्येकडून वाहू लागतो. त्याबरोबर आगीची संपूर्ण ईशान्य बगल हेच आगीचे नवे तोंड बनते. जी आग काही किलोमीटर रुंदीने पुढे सरकत होती, ती आता पन्हाळ आडवी फिरवावी तशी कित्येक किलोमीटर रुंदीने धावू लागते. तापमान उतरलेले असते हे खरे, परंतु वाळलेले गवत आणि निलगिरीचे जंगल तासाभराच्या गारव्याने ओले होत नाही. शिवाय निलगिरीच्या सालीच्या पेटत्या पट्ट्या वाऱ्यावर उडून मूळ आगीपासून वीस किलोमीटरांहून अधिक अंतरावर नव्या आगी लावू शकतात.

हे ज्ञान 2009 मध्ये नवे नव्हते. 16 फेब्रुवारी 1983 रोजी, ‘अॅश वेन्सडे’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या दिवशी, व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांत मिळून 75 माणसे दगावली. त्यांपैकी व्हिक्टोरियातील 47 मृत्यूंमध्ये बहुसंख्य मृत्यू वाऱ्याची दिशा बदलल्यानंतर झाले होते. त्याही आधी, 13 जानेवारी 1939 च्या वणव्यांत 71 बळी गेले होते. अॅलन मॅकार्थर या वनाग्नी-शास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात तयार केलेल्या वनाग्नी-धोका निर्देशांकात 100 हा अंक याच 1939 च्या दिवसाला अनुसरून ठरवण्यात आला होता. याहून वाईट दिवस क्वचितच येईल, अशी त्यामागील धारणा होती.

शुक्रवारी काय ठाऊक होते

6 फेब्रुवारी 2009, शुक्रवार. बारा वर्षे रेंगाळलेल्या अवर्षणाने जंगल वाळलेले होते. जानेवारीच्या अखेरीस मेलबर्नमध्ये सलग तीन दिवस तापमान 43 अंश सेल्सियसच्या वर राहिले होते. (केवळ त्या उष्णतेच्या लाटेत राज्यात नेहमीपेक्षा 374 अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज आरोग्य विभागाने पुढे दिला. आगीच्या बळींपेक्षा ही संख्या दुपटीहून अधिक आहे, पण तिचे स्मारक कोठे नाही.) शनिवारी पारा विक्रमी पातळीवर जाईल, वारे अतिशय जोरदार असतील आणि सायंकाळच्या सुमारास आघाडीबरोबर त्यांची दिशा बदलेल, असा हवामान विभागाचा अंदाज होता. राज्याचे तत्कालीन प्रीमियर जॉन ब्रम्बी यांनी आदल्याच दिवशी जनतेला सांगितले होते की, उद्याचा दिवस राज्याच्या इतिहासातील सर्वांत वाईट दिवसांपैकी ठरू शकतो. संपूर्ण राज्यात उघड्यावर आग पेटवण्यास बंदी घालण्यात आली होती.

अंदाज खरा ठरला. शनिवारी मेलबर्नमध्ये 46.4 अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, सापेक्ष आर्द्रता दहा टक्क्यांच्या खाली उतरली आणि धोका निर्देशांकाने 100 ची मर्यादा बरीच मागे टाकली. दुपारी बाराच्या सुमारास किलमोर ईस्ट येथे विजेची तार तुटून लागलेली आग वायव्य वाऱ्याबरोबर धावली. सायंकाळी वारा फिरला आणि तिची लांबलचक बगल किंगलेक पठाराच्या वस्त्यांवर चालून गेली. या एका आगीने 119 जणांचा बळी घेतला. दुपारी तीनच्या सुमारास मुरिंडिंडी येथे सुरू झालेली दुसरी आग मेरीसव्हिल या पर्यटकांच्या आवडत्या गावाच्या बाजूने निघून चालली होती. वारा फिरला आणि ती गावात शिरली. तिचे बळी 40. राज्यभर दोन हजारांहून अधिक घरे जळाली आणि चार लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र होरपळले.

त्या दिवशी इशाऱ्यांच्या व्यवस्थेत काय घडले, ते प्रशासनाच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन पाहावे. आग ज्या परिसरात सुरू झाली, तेथील नियंत्रण केंद्राकडे तिची जबाबदारी होती. ते केंद्र पुरेशा मनुष्यबळाने सज्ज नव्हते. आग ज्या दिशेने चालली होती, त्या बाजूच्या दुसऱ्या केंद्रात अनुभवी माणसे होती आणि धोक्यातील गावांसाठी इशाऱ्यांचे मसुदेही तयार होते. परंतु आग त्यांच्या अखत्यारीत नव्हती. अनेक गावांना, गावाचे नाव घेऊन दिलेला इशारा आग दाराशी येईपर्यंत मिळालाच नाही. राज्याला एकत्रितपणे दिलेला इशारा आणि ‘तुमच्या गावाला, आज सायंकाळी’ असा इशारा यांत केवढे अंतर आहे, हे त्या दिवशी दिसून आले.

थांबून पाहण्याची किंमत

आता व्यक्तीच्या निर्णयाकडे वळू. निर्णयशास्त्रात खर्च आणि नुकसान यांच्या गुणोत्तराचे एक साधे प्रारूप आहे. संरक्षक कृतीचा खर्च भागिले कृती न केल्यास होणारे नुकसान, हे गुणोत्तर जर संकटाच्या संभाव्यतेपेक्षा कमी असेल, तर कृती करणे शहाणपणाचे ठरते. समजा, एका कुटुंबाला एक दिवस गाव सोडून शहरात राहण्यासाठी प्रवास, निवास आणि बुडालेली मजुरी धरून 300 डॉलर खर्च येतो आणि न गेल्यास होणारे नुकसान, जीविताचे मोल बाजूला ठेवूनही, 3 लाख डॉलरचे आहे. गुणोत्तर एक हजारांश झाले. म्हणजे त्या दिवशी गावात आग येण्याची शक्यता दोनशेत एक असली, तरी पहाटेच निघून जाणे हिशेबात बसते.

हिशेब असा सरळ असताना माणसे का निघत नाहीत? त्यांना आकडेमोड कळत नाही, हे उत्तर सोपे आहे आणि बहुधा चुकीचे आहे.

एक कारण असे की, अनिश्चित परिस्थितीत थांबून अधिक माहिती मिळवणे हे सामान्यतः मोलाचे असते. अर्थशास्त्रात त्याला प्रतीक्षेचे पर्यायमूल्य म्हणतात. गुंतवणूकदार थांबतो, शेतकरी पेरणीसाठी थांबतो आणि दोघेही शहाणे ठरतात. परंतु शीत आघाडीच्या दिवशी प्रतीक्षेचे गणित उलटे होते. ज्या क्षणी माहिती निश्चित होते, म्हणजे वारा फिरतो आणि आग डोळ्यांना दिसते, त्याच क्षणी पर्याय संपलेला असतो. रस्त्यावर धूर दाटलेला असतो, झाडे आडवी पडलेली असतात आणि वीज गेल्याने पाण्याचा पंप बंद असतो. माहिती येते ती निर्णयाची वेळ टळून गेल्यावर. त्यातच दुपारभर बाजूने जाणारी आग पाहून आणि ‘संध्याकाळी थंड वारा येणारच आहे’ हे रेडिओवर ऐकून माणसाला वाटते की, आणखी दोन तास काढले की संपले. पूर्वसूचनेतील सर्वांत धोक्याचे वाक्य त्याच्या कानी दिलासा म्हणून पडते.

दुसरे कारण धोरणाचे होते. ‘तयारी करा, थांबा आणि घराचे रक्षण करा, किंवा लवकर निघा’ असे तत्कालीन धोरण होते आणि त्याला आधारही होता. पूर्वीच्या वणव्यांत पुष्कळ माणसे घरात नव्हे, तर उशिरा पळताना मेली होती आणि सावध माणसांनी वाचवलेली घरेही पुष्कळ होती. सर्वसाधारण आगीला लागू पडणारे हे धोरण 100 च्या पलीकडील निर्देशांकाच्या दिवशी मात्र निष्फळ ठरले. मृतांपैकी 113 जण घरांच्या आत होते. त्यानंतर धोक्याच्या श्रेणींत सर्वांत वर ‘विनाशकारी’ अशी श्रेणी वाढवण्यात आली आणि अशा दिवशी आदल्या रात्री किंवा पहाटेच निघून जाणे हाच सुरक्षित मार्ग आहे, असे सांगितले जाऊ लागले. सप्टेंबर 2022 पासून संपूर्ण देशात चार श्रेणींची एकच पद्धत लागू झाली. श्रेणी कमी आणि प्रत्येक श्रेणीसोबत काय करायचे याची स्पष्ट सूचना, असे तिचे स्वरूप आहे.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे आणि ते सरासरी आकड्यांत दिसत नाही. वरील उदाहरणातील 300 डॉलर सर्वांना सारखे नसतात. दूध देणाऱ्या गाई असलेल्या शेतकऱ्याला गोठा सोडून जाणे म्हणजे वर्षाची कमाई सोडून जाणे. रोजंदारीवरील माणसाला उन्हाळ्यातील आठ-दहा धोक्याचे दिवस म्हणजे आठ-दहा दिवसांची मजुरी. ज्या वृद्धेकडे मोटार नाही, तिच्या दृष्टीने ‘लवकर निघा’ ही सूचना केवळ शब्द आहेत. 2009 च्या मृतांपैकी 44 टक्के व्यक्ती बारा वर्षांखालील, सत्तरीच्या वरील अथवा आजारी किंवा अपंग होत्या, असे शाही आयोगाच्या अहवालात नमूद आहे. सूचना सर्वांना एकच दिली गेली, पण तिचे पालन करण्याची किंमत ज्यांच्यासाठी सर्वाधिक होती, त्यांच्यासाठी निराळी तरतूद नव्हती. इशारा ही सार्वजनिक वस्तू आहे, तर स्थलांतर हा खाजगी खर्च. पहिली विनामूल्य देऊन दुसरा ज्याच्या त्याच्यावर सोपवला की काय होते, याचे हे उदाहरण आहे.

तुटलेली तार

व्हिक्टोरिया शासनाने नेमलेल्या शाही आयोगाने 31 जुलै 2010 रोजी अंतिम अहवाल सादर केला. त्यात 67 शिफारशी होत्या. नुकसानीचा आयोगाचा अंदाज 4 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर्सहून अधिक होता आणि त्यात गमावलेल्या जीवितांचे सांख्यिकीय मूल्यही धरलेले होते. माणसाच्या जिवाला किंमत लावणे अनेकांना रुचत नाही. पण ती लावली नाही, तर अंदाजपत्रकात ती शून्य धरली जाते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

आयोगाच्या तपासात असे आढळले की, त्या दिवशी सुरू झालेल्या 11 मोठ्या आगींपैकी 5 आगींचा संबंध वीजवितरण यंत्रणेतील बिघाडाशी होता. याचे कारण यादृच्छिक नाही. जोरदार वाऱ्याच्या दिवशी तारा हेलकावतात, एकमेकींवर आपटतात, फांद्या पडतात. म्हणजे ज्या दिवशी आग सर्वाधिक वेगाने पसरू शकते, नेमक्या त्याच दिवशी तार तुटण्याची शक्यता सर्वाधिक असते. किलमोर ईस्टची तार सुमारे एक किलोमीटर लांबीच्या दोन आधारांमधील होती, ती चार दशकांहून अधिक जुनी होती आणि धातूची झीज होऊन तुटली. डोंगराळ, विरळ वस्तीत कमी खर्चात वीज पोहोचवण्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यात लांब अंतराचे खांब आणि एकाच तारेच्या वाहिन्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. त्या वेळी वाचलेले पैसे म्हणजे एका अर्थाने पुढील पिढीवर टाकलेले कर्ज होते.

बाह्य परिणामांचा हा पाठ्यपुस्तकी नमुना आहे. तार बदलण्याचा खर्च वितरण कंपनीला येतो. ती तुटल्यास होणारे नुकसान मुख्यतः इतरांचे असते. नुकसानभरपाईचा दावा हा या दोहोंना जोडणारा दुवा. किलमोर ईस्टच्या आगग्रस्तांचा सामूहिक दावा 2014 मध्ये सुमारे 49 कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला, त्यात प्रतिवादींनी दायित्व मान्य केले नाही. रक्कम मोठी असली, तरी हा दुवा पाच वर्षांनी कार्यान्वित झाला आणि तोही आग लागून गेल्यावर. म्हणून आगाऊ नियमनाची गरज उरतेच.

मग सर्व तारा जमिनीखाली का घेऊ नयेत? कारण तो खर्च अवाढव्य होता आणि शेवटी तो वीजदेयकांतून ग्राहकांकडेच येणार होता. 2011 मध्ये शासनाने मधला मार्ग स्वीकारून दहा वर्षांसाठी 75 कोटी डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यातील निवडक वाहिन्या बदलणे आणि 45 उपकेंद्रांत अशी उपकरणे बसवणे, जी तार जमिनीला टेकताच सेकंदाच्या अल्पांशात प्रवाह इतका कमी करतात की ठिणगीतून गवत पेटू नये, असा तो कार्यक्रम होता. आणखी एक उपाय जवळजवळ बिनखर्चाचा होता. वाहिनीत दोष उद्भवला की वीज तोडून काही क्षणांनी आपोआप पुन्हा जोडणारी यंत्रणा सर्वत्र असते. फांदी क्षणभर लागून निघून गेली, तर ग्राहकाला अंधारात राहावे लागू नये म्हणून ती उपयुक्त. परंतु तार जमिनीवर पडली असेल, तर प्रत्येक पुनर्जोडणी म्हणजे नवी ठिणगी. ग्रामीण एकतारी वाहिन्यांवर आगीच्या हंगामात ही स्वयंचलित जोडणी बंद ठेवण्याची शिफारस आयोगाने केली. याची किंमत म्हणजे साध्या बिघाडालाही तासन्तास वीज नसणे. ही किंमतही शेवटी खेड्यालाच द्यावी लागते.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ऑक्टोबर 2019 मध्ये याहून टोकाचा मार्ग अवलंबला गेला. जोरदार, कोरड्या वाऱ्याच्या अंदाजावरून लक्षावधी लोकांची वीज आगाऊ बंद करण्यात आली. आगी टळल्या असतील, पण विहिरीचा पंप, श्वसनाचे यंत्र आणि दुकानातील शीतपेटी ज्यांची बंद पडली, त्यांचा रोष स्वाभाविक होता. टळलेली आग कोणाला दिसत नाही, बंद पडलेला पंप मात्र सर्वांना दिसतो. पूर्वतयारीच्या राजकारणातील ही कायमची अडचण आहे.

हेक्टरांचे उद्दिष्ट

आयोगाची एक शिफारस विशेष उद्बोधक ठरली. जंगलातील पालापाचोळा थंड ऋतूत नियंत्रितपणे जाळून टाकला, तर उन्हाळ्यातील वणव्याला इंधन कमी मिळते. म्हणून दरवर्षी सार्वजनिक वनजमिनीच्या किमान 5 टक्के क्षेत्रावर, म्हणजे पावणेचार लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर, अशी जाळणी करावी असे आयोगाने सुचवले आणि शासनाने ते स्वीकारले. काही वर्षांतच अपेक्षित तेच घडले. उद्दिष्ट हेक्टरांत मोजले जात असल्याने, वस्तीपासून दूरच्या, सपाट, विरळ झुडपांच्या प्रदेशात मोठमोठे पट्टे जाळणे सोयीचे ठरू लागले. गावालगतचे वीस हेक्टर जाळणे अवघड, खर्चिक आणि जोखमीचे. संरक्षण मात्र तेच अधिक देतात. 2015 मध्ये राज्याच्या आपत्कालीन व्यवस्थापन महानिरीक्षकांच्या पुनरावलोकनानंतर हेक्टरांचे उद्दिष्ट मागे घेऊन, जाळणीनंतर वस्त्यांवरील धोका किती उरला, हे मोजण्याची पद्धत स्वीकारली गेली. लक्ष्यांकपूर्तीचे अहवाल वाचणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण जवळ ठेवावे.

निधीच्या बाबतीतही असाच एक दोष दुरुस्त झाला. अग्निशमन सेवेचा मोठा हिस्सा पूर्वी विमा हप्त्यावरील उपकरातून येत असे. ज्याने घराचा विमा उतरवला तो सेवेचा खर्च उचले. ज्याने उतरवला नाही, त्याच्याकडेही बंब मात्र तत्परतेने जाई. विम्यासारख्या हितकारक गोष्टीवर कर आणि फुकटच्या लाभार्थीला सूट, असा हा उफराटा प्रकार आयोगाच्या शिफारशीनुसार 1 जुलै 2013 पासून बंद होऊन सर्व मालमत्तांवर उपकर लागू झाला. जुलै 2025 मध्ये त्याची जागा अधिक व्यापक निधीने घेतली, तेव्हा शेतकऱ्यांनी तीव्र विरोध केला. ग्रामीण आगींशी लढणारे हजारो स्वयंसेवक विनावेतन काम करतात आणि त्यांतील पुष्कळजण स्वतः शेतकरी आहेत. श्रमही आमचे आणि करही आमच्यावरच, हा त्यांचा आक्षेप होता. शेतजमिनीसाठीची दरवाढ शासनाला रोखून धरावी लागली.

भारतीय संदर्भ

भारतात उन्हाळ्यात व्हिक्टोरियासारखी कोरडी शीत आघाडी येत नाही. हिमालयात पश्चिमी झंझावात येतात ते बहुधा पाऊस घेऊन आणि वनकर्मचारी त्यांची वाट आग विझावी म्हणून पाहतात. त्यामुळे वाऱ्याच्या दिशाबदलाचा धडा येथे जसाच्या तसा लागू करणे योग्य होणार नाही. तथापि वारा, वाळलेले इंधन आणि मानवी ठिणगी यांचा संयोग आपल्याकडेही आहे. 11 मार्च 2018 रोजी तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरउतारावर वाऱ्याने भडकलेल्या वणव्यात सापडून 23 गिर्यारोहकांचा अंत झाला. पंजाब-हरियाणात एप्रिलमध्ये कापणीला आलेला गहू आणि महाराष्ट्रात उभा ऊस विजेच्या तारांच्या घर्षणाने पेटल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. किलमोर ईस्टची तार आणि उसाच्या फडावरची लोंबकळणारी तार यांच्यामागील अर्थशास्त्र एकच आहे.

पूर्वसूचनेच्या बाबतीत भारत मागे नाही. देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था 2004 पासून उपग्रहांच्या साहाय्याने वनाग्नीच्या सूचना देत आहे आणि आता त्या थेट क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर पोहोचतात. 2018 मध्ये राष्ट्रीय वनाग्नी कृती आराखडाही तयार झाला. वनाग्नी प्रतिबंध व व्यवस्थापन योजनेत केंद्र आणि राज्यांचा वाटा सर्वसाधारणपणे 60:40, तर ईशान्य व हिमालयीन राज्यांसाठी 90:10 असा आहे. म्हणजे सूचना आहे, आराखडा आहे, खर्चाची विभागणीही ठरलेली आहे. त्या सूचनेवर कृती करायची असते ती बीटवरील वनरक्षकाने आणि त्याच्यासोबतच्या हंगामी अग्निरक्षकांनी, झाडाची हिरवी फांदी हाती घेऊन. 13 जून 2024 रोजी उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार वनकर्मचारी जागीच मृत्युमुखी पडले. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळण्याची प्रथा आहे. तेथे प्रतिबंध म्हणजे दंड नव्हे, तर पाला झाडून देण्याची मजुरी किंवा फुले झेलणारी जाळी. तो खर्चही आग लागण्यापूर्वीच करावा लागतो.

येथे वित्तीय वर्षाचा एक साधा प्रश्न उद्भवतो. ऑस्ट्रेलियाचे वित्तीय वर्ष 1 जुलैला सुरू होते आणि व्हिक्टोरियातील आगीचा हंगाम त्या वर्षाच्या मध्यावर येतो. जुलैत मंजूर झालेला निधी डिसेंबरपूर्वी खर्च करायला पाच महिने मिळतात. भारतात वणव्यांचा हंगाम फेब्रुवारी ते जून असा आहे आणि वर्ष 31 मार्चला संपते. जाळरेषा काढण्याचे काम जानेवारी-फेब्रुवारीत, जुन्या वर्षाच्या उरल्यासुरल्या तरतुदीतून करावे लागते. नव्या वर्षाची तरतूद एप्रिलनंतर क्षेत्रीय कार्यालयापर्यंत उतरू लागते, तेव्हा जंगलातील पाला पूर्ण वाळलेला असतो आणि अग्निरक्षकांची नेमणूक अर्धा हंगाम सरल्यावर होते. वनाग्नीची तरतूद दोन वित्तीय वर्षांना जोडून, फेब्रुवारी ते जून अशा हंगामासाठी एकत्रितपणे मंजूर करता येईल का, हा वित्त विभागाच्या नियमावलीतील प्रश्न आहे आणि त्यासाठी कोणत्याही नव्या उपग्रहाची आवश्यकता नाही.